पावसाळ्यात मिनिएचरवर पांढरं येतंय? आधी ते कुठलं पांढरं, ते ओळखा

जून सरला की मिनिएचर (टेबलावरच्या युद्धखेळांतले छोटे पुतळे, आम्ही त्यांना ‘मिनी’ म्हणतो) रंगवणाऱ्या ओळखीच्या पेंटरांकडून मला एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. काळ्या चिलखतातला स्पेस मरीन सैनिक, रंगकाम नेटकं, कडांवरच्या रेषा सरळ आणि सगळ्या अंगावर पिठूळ पांढरा थर. सोबत प्रश्न: ‘काल रात्री व्हार्निश मारलं, सकाळी हे असं. आता काय करू?’

माझ्याही बाबतीत हे झालंय. वॉरहॅमर ४०,००० या खेळातल्या ब्लॅक टेम्प्लर्सची (हेही स्पेस मरीनच) दहा जणांची तुकडी रंगवली होती. काळं चिलखत रंगवताना सगळा जीव कडांवरच्या करड्या रेषांत असतो, आणि त्या रेषांत माझे तीन आठवडे गेले होते. ऑगस्टमधली संध्याकाळ, ठाण्यातली आमची गॅलरी. पाऊस नुकताच थांबला होता, म्हणून मॅट (चकाकी नसलेल्या) व्हार्निशचा स्प्रे मारून घेतला. अर्ध्या तासात दहाही जण पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखे दिसायला लागले. मी घाबरून लगेच दुसरा थर मारला. ते आणखी पांढरं झालं. मग ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर दोघांच्या खांद्यावरचा रंगच निघून आला. पहिली चूक हवामानाची होती, पण तुकडी खरी बिघडली ती त्यानंतरच्या दोन चुकांनी.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: पांढरं दिसलं की हात मागे घ्या. मिनिएचरवरचं पांढरं हा एकच आजार नाही. निदान पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी लांबून अगदी सारख्या दिसतात, आणि एकीवरचा उपाय दुसरीचा सत्यानाश करतो.

निदान असं करा. मिनी पूर्ण वाळू द्या, निदान एक रात्र. मग खिडकीच्या उजेडात भिंगातून बघा. चिलखत, कापड, बंदूक, चेहरा असा सगळीकडे सारखाच धुकट थर असेल, तर दोष बहुधा व्हार्निशचा. पांढरं फक्त सांध्यांजवळ, पाऊल जिथे बेसला (पायाखालच्या चकतीला) चिकटवलं त्याच्या आसपास किंवा बोटांच्या ठशांच्या आकारात असेल, तर ते सुपरग्लूचं. फक्त बेसवरच्या वाळूत असेल, खरखरीत असेल आणि कधी दिसतं कधी नाही असं होत असेल, तर मीठ. केसाळ, कापसासारखं असेल तर बुरशी. खाचांमध्येच दुधाळ साचलं असेल, तर मॅट व्हार्निश न हलवता किंवा फार जाड लावलं गेलंय.

खात्री वाटत नसेल तर लपलेल्या जागी, पाठीवर किंवा झग्याच्या आत, बारीक ब्रशने पाण्याचा एक थेंब ठेवा. ओलं असेपर्यंत खालचा रंग स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पांढरं परत आलं, तर खालचा रंग शाबूत आहे. दोष वरच्या थरात आहे आणि तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो. बेसवरचं पांढरं पाण्यात विरघळलं तर ते मीठ. सुईने उचललं आणि तंतू निघाले तर बुरशी.

व्हार्निश पांढरं का पडतं

स्प्रेच्या व्हार्निशमध्ये झरझर उडून जाणारं द्रावण असतं. ते उडताना मिनीच्या पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. हातावर सॅनिटायझर चोळल्यावर गार लागतं, तसंच. पृष्ठभाग जर दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं त्याच्या) खाली गेला, तर हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते. ओल्या व्हार्निशमध्ये ते पाणी अडकतं, राळ त्यातून फुटून बाहेर पडते आणि थरात असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. तिथे पांढरा रंग असा नसतोच. पाण्याच्या थेंबाने ते नाहीसं होतं याचं कारणही हेच: पाणी पोकळ्या भरतं आणि उजेड परत सरळ आरपार जातो.

आता आपल्याकडचे आकडे घ्या. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे मुंबई-ठाण्यातला जुलैचा साधा दिवस. तेव्हा दवबिंदू २५ अंशांच्या जरासा वर असतो. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम ३ अंश गार झाला की दव पडलं. स्प्रेचा फवारा एवढं गार सहज करतो. उलट पुण्यातली डिसेंबरची एखादी कोरडी सकाळ घ्या, २५ अंश आणि ४० टक्के. तिथे दवबिंदू साडेदहा अंशांच्या आसपास येतो. साडेचौदा अंशांचं अंतर आहे, हलक्या फवाऱ्याने सहसा तिथवर पोचणार नाही. त्यामुळे ‘माझ्या पुण्याच्या मित्राचा हाच डबा नीट चालतो, माझाच खराब निघाला’ असं म्हणण्याआधी दोन्हीकडची हवा बघा. डबा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

तोंडी हिशेबाला एक सोपं सूत्र आहे. आर्द्रता १०० टक्क्यांपासून जितकी कमी, त्याला ५ ने भागा. दवबिंदू हवेपेक्षा साधारण तेवढे अंश खाली. ८५ टक्क्यांना ३ अंश, ६० टक्क्यांना ८ अंश. आर्द्रता पन्नाशीच्या वर असेपर्यंत हे बऱ्यापैकी जुळतं. ८ अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर मी डब्याला हात लावत नाही.

मोजायला डिजिटल आर्द्रतामापक घ्या, स्वस्तात मिळतो. तो नसेल तर स्वयंपाकघरात जा. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून पाघळायला लागतं. मिठाला पाणी सुटलं असेल, पापड सर्दावले असतील, तर तो दिवस स्प्रेचा नाही. आभाळ निरभ्र आहे की पाऊस पडतोय याला महत्त्व नाही. पाऊस थांबल्यावर ऊन पडतं, जमीन वाफाळते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण खूश होऊन गॅलरीत जातो.

आणखी एक सापळा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. ‘हवा दमट आहे ना, मग मिनी एसीच्या खोलीत ठेवतो आणि फवारायला तेवढं बाहेर नेतो’ हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो, पण तो उलटा आहे. २२ अंशांच्या खोलीतून बाहेर काढलेली मिनी ही फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी असते. बाहेर दवबिंदू २५ वर असेल तर फवारण्याआधीच तिच्यावर दव बसलेलं असतं, फक्त इतकं बारीक की दिसत नाही. धातूच्या मिनींना हे जास्तच बाधतं, कारण भरीव, जड मिनी लवकर गरम होत नाही. इन्फिनिटी या खेळाच्या धातूच्या मिनी रंगवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. मिनी नेहमी हवेपेक्षा किंचित कोमट हवी. मी हेअर ड्रायर मंद आचेवर, हातभर लांबून, मिनिटभर फिरवतो. प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनचं असतं. त्याला जास्त ऊब दिली तर तलवारी आणि अँटेना वाकतात, म्हणून आधी स्वतःच्या हातावर वारा घेऊन बघा.

डबाही फवारताना गार होत जातो, कारण आतला दाबाचा वायू उडतो. तो कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करून ठेवला की फवारा बारीक येतो. पाणी कोमटच असावं, कढत कधीच नाही, आणि गॅसजवळ तर अजिबात नाही. मग किमान दोन मिनिटं हलवा. मॅटपणा देणारी पूड तळाला बसलेली असते. ती नीट मिसळली नाही तर काही मिनींवर चकाकी येते आणि काहींवर पांढरा चुरा. २० ते ३० सेंटिमीटरवरून, मिनीच्या बाहेर सुरुवात करून पलीकडे संपवत, हलके फटकारे मारा. एकाच जागी थांबू नका. थर जितका जाड, तितकं जास्त द्रावण उडणार आणि तितकंच पृष्ठभाग गार पडणार.

आणि सगळ्याच्या आधी एक प्लॅस्टिकचा चमचा काळा रंगवून त्यावर फवारून बघा. अर्धा तास थांबा. चमचा काळा राहिला तरच तुकडी बाहेर काढा. मी आता एकही मिनी चमच्याशिवाय फवारत नाही, मग डिसेंबर का असेना.

पांढरं पडलेलं व्हार्निश परत आणायचं कसं

पहिला उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: ब्रशने ग्लॉस, म्हणजे चकाकणारं व्हार्निश. पाण्याचं, अ‍ॅक्रिलिक. ते पोकळ्यांत शिरतं आणि वाळल्यावर तिथेच राहतं. पाण्याच्या थेंबाने जे क्षणभर झालं होतं, ते कायमचं होतं. मऊ ब्रशने पातळ थर द्या, खाचांत साचलेलं टिपून घ्या. मिनी काचेसारखी चकाकेल. घाबरू नका, रंग परत आलेला दिसेल. पावसाळ्यात पूर्ण २४ तास वाळू द्या. मग त्यावर मॅट व्हार्निश, तेही ब्रशनेच, थेंबभर पाण्याने पातळ करून आणि बाटली नीट हलवून. माझ्या दहापैकी आठ टेम्प्लर असेच वाचले.

दुसरा उपाय म्हणजे तोच स्प्रे पुन्हा, पण कोरड्या दिवशी. ताजं द्रावण जुन्या थराला थोडं विरघळवतं, अडकलेली पोकळी मिटते आणि थर सपाट बसतो. ऑगस्टमध्ये बिघडलेलं काम नोव्हेंबरात एका हलक्या फटकाऱ्यात साफ झालेलं मी पाहिलंय. पण हा उपाय दमट दिवशी केला तर दुप्पट पांढरं होतं. मी त्या संध्याकाळी नेमकं तेच केलं होतं.

गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजवाल्यांना ही अडचण आपल्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. दमट हवेत ते रंगात सावकाश उडणारं थिनर घालतात, म्हणजे पृष्ठभाग एकदम गार पडत नाही. डबाबंद स्प्रेत आपल्याला काही घालता येत नाही, म्हणून हवा निवडणं एवढंच आपल्या हातात उरतं.

ऑलिव्ह तेलाचं बोट फिरवण्याचा उपायही सांगितला जातो. पोकळ्या भरायचं तत्त्व तेच आहे, आणि एखाद्या छोट्या डागापुरतं ते चालतं. पूर्ण मिनीवर मी करणार नाही. तेल वाळत नाही, धूळ धरतं आणि नंतर त्यावर दुसरा रंग बसत नाही.

हात लावला आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला, तर ते दव नव्हेच. फवारा मिनीपर्यंत पोचण्याआधी हवेतच वाळला आणि त्याची पूड येऊन बसली. ही उन्हाळ्यातली तक्रार आहे. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी, हातभराहून लांबून प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारला की हे होणारच. तिथे सकाळी लवकर फवारा आणि अंतर कमी करा. प्रायमरची पूड कोरड्या टूथब्रशने बऱ्यापैकी निघते.

सुपरग्लूचं पांढरं

हे बहुधा बेसवर दिसतं, कारण मिनी बेसवर चिकटवणं हे आपल्याकडे शेवटचं काम असतं. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ते ओलाव्याच्या संपर्कात घट्ट होतं. जास्त लावलं की न जमलेला भाग वाफ होऊन वर येतो, हवेतल्या ओलाव्याशी जुळतो आणि आसपासच्या पृष्ठभागावर पांढरी पूड होऊन बसतो. बोटांच्या ठशांवर ही वाफ जास्त धरते. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वस्तूंवरचे अदृश्य ठसे उठवायला हीच क्रिया मुद्दाम करतात. म्हणून तुमच्या मिनीच्या खांद्यावर कधी स्वतःच्याच बोटाचा ठसा पांढरा उमटलेला दिसतो. बाजारात कुठल्याही नावाने घ्या, ही खोड रसायनाची आहे.

उपाय सोपा आहे. ग्लू टाचणीच्या टोकाएवढाच लावा आणि चिकटवल्यावर मिनी बंद डब्यात ठेवू नका. ‘धूळ नको’ म्हणून लगेच झाकण लावलं की वाफ आतच कोंडते आणि शेजारच्या मिनीही पांढऱ्या होतात. पंख्याखाली, उघड्यावर दोन तास ठेवा. झालेलं पांढरं कोरड्या कडक ब्रशने थोडं निघतं. उरलेलं ग्लॉस आणि मग मॅट व्हार्निशने दबतं, किंवा त्या जागी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग) पुन्हा करा. अ‍ॅसिटोनचा मोह टाळा. ते ग्लू विरघळवतं, पण सोबत रंग आणि प्लॅस्टिकही खातं. त्याहून बरं म्हणजे प्लॅस्टिकची मिनी प्लॅस्टिकच्या बेसला पॉलिस्टायरीन सिमेंटने जोडा. ते दोन्ही पृष्ठभाग वितळवून एक करतं, आणि हा प्रश्नच उरत नाही. रेझिन प्रिंट (थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या मिनी) आणि धातूवर मात्र ते चालत नाही.

बेसवरचं मीठ आणि बुरशी

रत्नागिरीच्या एका मित्राच्या, वॉरहॅमरमधल्याच नेक्रॉन फौजेचा किस्सा सांगतो. बेसना लालसर मंगळासारखी जमीन, त्यावर गंजक्या रंगाचा ड्रायब्रश, फार सुंदर काम. पण दर पावसाळ्यानंतर बेसवर पांढरी साय यायची. तो ती रंगवून झाकायचा आणि पुढच्या वर्षी ती परत यायची. व्हार्निश बदललं, रंग बदलले, फरक शून्य. शेवटी वाळू कुठली ते विचारलं. ‘भाट्याच्या किनाऱ्यावरची,’ तो म्हणाला. न धुता वापरलेली.

समुद्राच्या वाळूत मीठ असतं. पावसाळ्यात ते पाणी ओढून विरघळतं, फेव्हिकॉल आणि रंगाच्या थरांतून वर झिरपतं, आणि ऑक्टोबरात हवा कोरडी पडली की पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसतं. जुन्या भिंतीला लोणा लागतो, अगदी तसंच. वरून कितीही रंगवा, मीठ आत आहे तोवर ते येतच राहणार. आम्ही ओल्या ब्रशने ते पुन्हापुन्हा टिपून बघितलं. तीन-चार बेसवर जमलं, बाकीच्यांवरची वाळू खरवडून नवीन घालावी लागली. मरीनचा बेस ३२ मिलिमीटरचा, म्हणजे एका बेसला चिमूटभर वाळू लागते. तेवढी वाळू चार पाण्यांनी धुऊन घ्यायला दहा मिनिटंही लागत नाहीत. धुतलेली वाळू पोळ्या झाल्यावर गरम तव्यावर टाका आणि बारीक चाळणीने चाळा. नदीची वाळू असली तरी मी हेच करतो, कारण तिच्यातली माती फेव्हिकॉलला धरू देत नाही.

फेव्हिकॉलबद्दलही एक गोष्ट. ओला असताना तो पांढरा असतो आणि वाळला की पारदर्शक होतो. कोरड्या हवेत एका रात्रीत काम होतं, पावसाळ्यात वाळूखालचा जाड थर दोन-तीन दिवस आतून ओला राहतो. वरून रंग आणि व्हार्निश लावून त्याला कोंडलं की वाळूच्या फटींत दुधाळपणा राहतो. बेस उलटा करून कडेला नखाने दाबून बघा. जराही मऊ लागलं तर थांबा.

बुरशी बहुधा अशा बेसवर येते जिथे खरा जैविक माल वापरलाय: वाळकी मुळं, कुंडीतली माती, शेवाळ, पानगळ म्हणून पसरलेला चहाचा चोथा. वॉरहॅमरमधल्या टायरानिड प्राण्यांच्या बेसवर चोथा फार छान दिसतो, म्हणून तो बरेच जण वापरतात. नीट न वाळवता वापरला तर पहिल्याच पावसात कापूस उगवतो. यावर वरवरचा उपाय नाही. स्पिरिट लावून बुरशी मारायला गेलात तर अ‍ॅक्रिलिक रंगही उतरेल. तेवढा भाग काढून टाका, बेस दोन दिवस उन्हात किंवा ड्रायरखाली वाळवा. नवीन माल तव्यावर कडक होईपर्यंत भाजा, मग पातळ फेव्हिकॉलमध्ये पूर्ण भिजवून बसवा.

रेझिन प्रिंट वापरणाऱ्यांसाठी: पांढरा थर रंगकामाच्या आधीच, प्रायमर मारण्यापूर्वी दिसत असेल, तर प्रिंट नीट धुतली गेली नाही किंवा ओली असतानाच अतिनील दिव्याखाली ठेवली गेली. स्वच्छ अल्कोहोलमध्ये पुन्हा धुवा, पूर्ण वाळवा, मग दिव्याखाली क्युअर (पक्की) करा. त्यावर रंग चढवून प्रश्न सुटत नाही, पुढे तो सोलून निघतो.

जून ते सप्टेंबर मी काय करतो

स्प्रे बंद ठेवतो. प्रायमर ब्रशने किंवा एअरब्रशने, पाण्याचा. एअरब्रश असेल तर कंप्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, कारण दाबलेल्या दमट हवेतून पाणी निघतं आणि मधेच थेंब थुंकतं. व्हार्निश ब्रशने, आधी ग्लॉस, मग मॅट. वेळ जास्त लागतो, पण खेळताना सतत हाताळल्या जाणाऱ्या मिनींना खालचा ग्लॉसचा थर फार उपयोगी पडतो. रंगवून झालेल्या मिनी झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवतो, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पण ग्लू आणि व्हार्निश पूर्ण वाळल्यावरच. रंग बदलणाऱ्या दाण्यांचं जेल घेतलं तर ते कधी भरलं ते कळतं, आणि मंद ओव्हनमध्ये तापवून ते परत वापरता येतं.

उरलेल्या दोन टेम्प्लरचं विचाराल, तर त्यांचा रंग उतरवावा लागला. प्लॅस्टिकच्या मिनी असल्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, झाकणाच्या बरणीत, काही तास बुडवल्या आणि जुन्या टूथब्रशने घासल्या. हातमोजे घातले होते, खिडकी उघडी होती. खाचांतला काळा प्रायमर पूर्ण गेला नाही, पण त्याची गरजही नव्हती. सुपरग्लूने जोडलेले हात सुटले, ते पुन्हा जोडले. नोव्हेंबरात कोरड्या रविवारी, आधी चमचा फवारून, दोघांना व्हार्निश मारलं. आता ते बाकी आठांच्या शेजारीच उभे आहेत, आणि कुठले दोन ते मलाही बेस उलटून खालची खूण बघितल्याशिवाय सांगता येत नाही.